तिरंगी सोनटक्का

हैबतकाकांचं नाव आधीच घेऊन टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की पोरगं आडून बोललं. दोष हैबतकाकांचा. शंभर टक्के! तुम्ही म्हणाल, हर्षद, सख्ख्या काकाबद्दल असं बोलतात का? बोलतात. काय केलंन ते ऐका, मग तुम्हीही बोलाल.

तर तुम्हाला सांगतो, आमच्या काकांचा पेणला गणपतीचा कारखाना. चाळीस वर्षं. आणि या माणसाला एक रोग आहे. अर्धवट काही बघवत नाही. गणपतीच्या कानामागे, जिथे विसर्जनापर्यंत कोणाच्या बापाची नजर जात नाही, तिथेसुद्धा यांना शेडिंग हवं. उंदराच्या नखाला लाली हवी. मी म्हटलं एकदा, "काका, उंदराचं नख कोण बघतंय?" तर रंगाची गन बाजूला ठेवून म्हणतात, "उंदीर बघतोय! आपल्या कारखान्यातनं अर्धवट काय भायेर जात नाय." आणि हे वाक्य बोलताना उंदराकडे नाही, माझ्याकडे बघतात. कारण मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. तीन वर्षं झाली, अजून बघतायत... अहो, सोडला म्हणजे सोडला! मूर्ती आहे का मी, हात जोडायचा राहिलाय म्हणून परत साच्यात घालायला?

तर मला काय, झाडांचा नाद. म्हणून मी त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलो, 'अंगण ते गच्ची'. दोनशे माणसं, त्यातली एकशे ऐंशी रिटायर. सकाळी साडेपाचला जास्वंदीचा फोटो टाकतात, सहाला त्याच जास्वंदीवर मावा पडला म्हणून रडतात, सातला एकमेकांना कडुनिंबाचं तेल सुचवून एकमेकांवरच चिडतात. ॲडमिन कोण? तर प्रणिताताई, रोह्याच्या, शाळेतनं मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. पण शाळा बाईंमधनं निवृत्त व्हायला तयार नाही! जुलैत यांचा आवाज आला... आवाजच पाठवतात त्या, चार-चार मिनिटांचा... "बागमित्रांनो! यंदा पंधरा ऑगस्टला आपण तिरंगी भेट करतो आहोत. प्रत्येकाने एक कुंडी आणायची. केशरी, पांढरा, हिरवा, तिन्ही रंग झाडाचेच हवेत. विकतचं नको, स्वतः वाढवलेलं. फूल त्याच दिवशी उमललेलं हवं. चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला द्यायचं. उशीर करणाऱ्यांनी दाराबाहेर थांबावं."

बघा! म्हणजे देशाला स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशीसुद्धा आम्ही दाराबाहेर.

मी जाणारच नव्हतो. पण व्हिडिओवर चिठ्ठ्या काढल्या, आणि माझ्या चिठ्ठीत नाव आलं आयझॅक अंकल, रोहा. आणि मी लगेच 'येतो' कळवलं. कारण आयझॅक अंकल म्हणजे रेबेकामावशीचे थोरले भाऊ.

आता रेबेकामावशी कोण हे सांगायला पाहिजे, नायतर तुम्हाला वाटेल एका फुलासाठी पोरगं एवढं का बोंबलतंय. आमचं घर निडीला. रोह्याच्या अलीकडचं स्टेशन, गाडी एक मिनिट थांबते आणि थांबल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखी निघते. शेजारी रेबेकामावशी. गावातलं शेवटचं बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचं घर. मधे एक विहीर, दोघांची. तर मावशी शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत विहिरीला हात लावायची नाही, कामच करायची नाही, धर्मच तसा. मग शनिवारी झाडांना पाणी कोण घालणार? मी! सहा वर्षांचा होतो तेव्हापासून. ओट्यावर बसून मावशी सांगणार, "अरे मेल्या, बुंध्याला घाल! पानाला काय आंघोळ घालतोस, लग्न हाय का तिचं?" आणि संपलं की केळीच्या पानावर नारळाच्या दुधातल्या हलव्याची वडी. एक. दुसरी मागितली तर, "पुढच्या शनवारी." सात वर्षं, तुम्हाला सांगतो, मी त्या पुढच्या शनिवारावर जगलो. शाळेत शिकवलं ते सगळं विसरलो, पण कोणत्या झाडाला पाणी कधी नको, ते अजून पाठ आहे.

आणि विहिरीचं सांडपाणी जायचं तिथे मावशीचा सोनटक्का. पांढराशुभ्र. पावसाळ्यात संध्याकाळी उमलायचा आणि वास... वासाचं नंतर सांगतो. मी आठवीत असताना मावशीचा मुलगा एझ्रा तिला इस्रायलला घेऊन गेला. जायच्या दिवशी तिने सोनटक्क्याचा एक कांदा उपटला, मातीसकट माझ्या हातात दिला. "आता शनवारचं काय नाय. रोज घाल." बस्स. रडली नाही. मी रडलो, पण ते कोणाला सांगायचं नाही.

पुढे नव्या मालकाने परसात फरशी घातली, विहिरीवर जाळी टाकली. त्या सोनटक्क्यातलं उरलं तेवढं माझ्या पाच लिटरच्या तेलाच्या डब्यात. नऊ वर्षं. कॉलेज सोडून पेणला आलो तेव्हा एका हातात बॅग, दुसऱ्या हातात डबा. काका म्हणाले, "सर्टिफिकिट सोडून आलास नि डबा घेऊन आलास?" व्हय! घेऊन आलो! नर्सरीत मिळतो हो सोनटक्का, पाहिजे तेवढा. तो मावशीचा नसतो.

आणि आयझॅक अंकल? एक्क्याऐंशी वर्षांचे, रोह्यात एकटे. वीस ऑगस्टला त्यांची नात शीरा येऊन त्यांना कायमचं तिकडे नेणार. म्हणजे बहिणीच्या परसातलं फूल इथे, या मातीत, त्यांच्या हातात द्यायचा दिवस एकच. पंधरा ऑगस्ट! तुम्हीच सांगा, दाराबाहेर थांबून चाललं असतं का?

लागलो तयारीला. पांढऱ्याला सोनटक्का, हिरव्याला त्याचीच पानं, केशरीला त्याच डब्यात कडेला अबोली. चौदा तारखेला दुपारी दांड्यावर चार कळ्या फुगलेल्या, रात्रीत उमलणार म्हणजे उमलणार. बाहेर पाऊस झोडपत होता, म्हणून डबा कारखान्यात आणून ठेवला. आणि मी भाताचं पार्सल आणायला गेलो. पावसाने दोन तास अडकवलं. फक्त दोन तास हो!... परत येतो तर हैबतकाका हातात गन घेऊन मागे सरकून एक डोळा बारीक करून बघतायत. मूर्ती पुरी झाली की बघतात तसे.

माझ्या सोनटक्क्याच्या वरच्या कळ्या केशरी. पीतांबराचा केशरी! खालच्या दोन पांढऱ्या, पण झाडाच्या पांढऱ्या नव्हेत, गणपतीच्या दाताच्या पांढऱ्या. पानं हिरवी होतीच, ती अजून हिरवी केलेली, वरनं चकचकीत लाकेर. आणि पानाच्या कडेला... सोनेरी रेघ! बारीक! ज्या हाताने देवाचे डोळे उघडतात त्या हाताने!

"काका, हे काय केलंत?"

"काय केलंत काय? त्या अबोलीला केशरी म्हणतोस? गुलाबी गंजीफ्रॉक हाय ती. झेंड्याला चालल काय? रोहेकरांसमोर पेणची लाज काढणार व्हतास." आणि मग आलंच, "आपल्या कारखान्यातनं अर्धवट काय भायेर जात नाय."

"झाड आहे ते! मूर्ती नाय!"

"मग? देवानं केलं नि आपण पुरं केलं."

देवाच्या कामातसुद्धा याला शेडिंग कमी दिसतं!

बरं, एवढ्यावर थांबले नव्हते. डब्यात वरती मखरातलं ते प्लास्टिकचं हिरवं गवत कापून नीट गोल बसवलेलं. मी म्हटलं मरू दे गवत, आधी फुलांचं बघू. रात्रभर ओल्या फडक्याने पुसतोय. निघतंय कसलं? चाळीस वर्षांचा हात आहे, समुद्रात निघत नाही!

सकाळी कळ्या उमलल्या होत्या, पण रंगासकट; आणि डबा उचलला तर हा जड! वाटलं पावसाचं पाणी बसलं असेल. मांडीवर घेऊन मेमू गाडीत बसलो. पेणपासून बायका बघतायत. एक बाई नाक मुरडून शेजारणीला, "गो, वास बघ गो... फुलाला नेलपॉलिशचा वास येतोय!" दुसरी मला, "गणपतीला अजून बारा दिस हायत रे, मखर घेऊन कुठं निघालास?" मी खिडकीबाहेर बघतोय. निडी आलं. गाडी एक मिनिट थांबली. त्या मिनिटात मी काय काय बघितलं ते सांगत नाही. विहीर स्टेशनातनं दिसत नाही, एवढंच सांगतो.

रोह्याला सभागृहात पोचलो, वेळेत. आणि तुम्हाला सांगतो, मला वाटलं होतं लोक हसतील. अहो, हसतील कशाला! टाळ्या! दोनशे बागवाले, आयुष्यभर मातीत हात घातलेले, एकालाही कळेना की सोनटक्का केशरी नसतो! एक गृहस्थ चष्मा वर करून, "ही नवी जात का हो? थायलंडची असेल." प्रणिताताई माइकवर, "बघा! आजचा तरुण मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतो म्हणतात. हा तरुण बघा!" आणि देखण्या कुंडीचं पहिलं बक्षीस मला. हीच बाई वर्षभर माझ्या प्रत्येक मेसेजखाली शुद्धलेखन दुरुस्त करत होती.

मग अंकल आले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा, खिशाला झेंडा लावलेला. काठी. मी डबा पुढे केला. म्हटलं, "रेबेकामावशीचा आहे, अंकल. निडीचा. रंग आमच्या काकांनी..."

ते वाकले. फुलाच्या अगदी जवळ. मी डोळे मिटून घेतले, कारण थिनरचा वास मलाच मारत होता. आणि अंकल म्हणाले, "पोरा, कोरोना झाल्यापासून मला वास येत नाय रे. काय पण येत नाय. तू सांग. कसा येतोय?"

काय सांगायचं? सांगा ना, तुम्ही काय सांगितलं असतं?

मी सांगितलं. म्हटलं, अंकल, शनिवारची संध्याकाळ आहे. पाणी घालून झालंय. विहिरीचा दगड ओला आहे, रहाटाचा दोर ओला आहे, आणि अजून दिवा लागलेला नाही. आधी गारव्याचा वास येतो, मग मातीचा, आणि तो येतोय येतोय म्हणेपर्यंत एकदम... कोणी नवा साबण फोडून, त्यात दूध ओतून, आपल्या तोंडाजवळ धरल्यासारखा. आणि आतनं मावशी ओरडतेय, "मेल्या, नाक लावू नको, मुंगी हाय आत!"

अंकल हसले. खूप वेळ. मग म्हणाले, "मुंगी असायचीच. माझ्या नाकात गेली व्हती एकदा." रुमाल काढला, डोळ्याला लावला, परत घडी घालून ठेवला. "पहिल्या पंधरा ऑगस्टला मी तीन वर्सांचा. बापाच्या खांद्यावरनं बघितला झेंडा. हा शेवटचा. पुढचे तिकडनं फोनवर." आणि मग हळूच, इकडेतिकडे बघत, चोरासारखे, "एक कांदा काढून दे. विमानात नेऊ देत नाय म्हणतात. मोज्यात घालीन. रेबेका नऊ वर्सं मागतेय. तिला दुसरं काय नको इकडलं."

अहो, मला काय झालं सांगू! मी म्हटलं, एक काय, चार घ्या! गवत बाजूला केलं, बोट खुपसलं...

टक्.

पुन्हा खुपसलं. टक्. नख मोडलं. माती नाहीच! पांढरं, कडक... काकांना फोन लावला, तिथेच, अंकलसमोर.

"काका, डब्यात काय आहे?"

"पीओपी."

"का?"

"वाकडा उभा व्हता रे. नि आत नुसता चिखल. धुवून काढला, सरळ धरला नि सहा किलो ओतलं. आता धक्का लागला तरी पडायचा नाय. आपली मूर्ती पडलीय कदी?"

तुम्हाला ठाऊक नसेल, पीओपी घट्ट होताना तापते. हात ठेवला तर पटकन काढून घ्यावा इतकी. सभागृहाच्या मागे दगडाने डबा फोडला. अंकल शेजारी काठी टेकून उभे. आतनं कांदे निघाले ते उकडलेल्या बटाट्यासारखे मऊ. त्यातला जरा बरा दिसला तो अंकलनी रुमालात बांधला. मी म्हटलं, नको अंकल, मेलाय. ते म्हणाले, "मेला तर मेला. निडीचा हाय."

वीस तारखेला ते गेले. मोज्यात घालून. बाकीचे मी कुंडीत लावले, आठ दिवसांत कुजले. मावशीचा आवाज आला मोबाइलवर, तिकडनं, तोच आवाज, "अरे मेल्या हर्षद, लावायला पाठवलास की खायला? उकडलास कशाला?" आणि मग मेसेज बंदच केला नाही. बावीस सेकंद नुसता पंख्याचा आवाज. मी तो मेसेज पुसलेला नाही.

काका? गणपती तोंडावर, आणि हा माणूस चार दिवस गन खाली ठेवून मधेच, डबा ठेवला होता त्या रिकाम्या जागेकडे बघायचा. पाचव्या दिवशी म्हणाले, "मला काय ठाव, ते खालनं श्वास घेतं." यावर भांडता येतं का? आलं असतं तर बरं झालं असतं.

आणि ते पहिलं बक्षीस म्हणजे काय होतं, माहितीये? पाच किलो गांडूळखत. घरी आणून ठेवलंय. घालायचं कशाला?

नऊ वर्षं आणि मावशीचा सोनटक्का. एवढं गेलं माझं. दुसरा नव्हता.