धाकटीची ओळ

आई : एकटीच आलीस? धाकटीला घेऊन यायला पाठवलं होतं ना तुला?

थोरली : पाणी तरी पिऊ दे, आई.

आई : पी. पण जावई गेले, मूलबाळ नाही. त्या चिमूटभर बेटावर आता कुणासाठी राहिलीय ती, एवढंच सांग.

थोरली : मीही बोटीतून उतरल्या उतरल्या हेच विचारलं. ती म्हणाली, आधी घरी तर चल. समोर सरळ वाट होती, पण हिने मला खडकांवरून नेलं. म्हणे वाटेखाली पक्ष्यांची बिळं आहेत.

आई : पक्ष्यांची बिळं? काहीतरीच.

थोरली : खरंच गं. समुद्रावरचे पक्षी, जमीन उकरून आत अंडी घालतात. पिल्लं उडेपर्यंत अख्खं गाव ती वाट सोडतं. म्हातारीकोतारीसुद्धा वळसा घालून जातात, कुरकुर नाही कुणाची.

आई : आणि माझी लेक त्या खडकांवरून पाणी वाहते.

थोरली : वाहते. तिच्या मोरीच्या पायरीखाली एक जोडी बसलीय, म्हणून भांडीही मागच्या दारी घासते. मला तिने जमिनीला कान लावायला सांगितला. आत पिल्लू घुरघुरत होतं, बाबा दुपारी घोरतात ना, अगदी तसं.

आई : पुरे. पाखरांवर कुणाचा जन्म निघत नाही.

थोरली : माणसंही आहेत की. दुपारी सगळे धक्क्यावर जाळी सांधायला बसतात आणि गातात. गाणं एकच, पण प्रत्येक घराची त्यात आपली ओळ. ती त्या घरच्यानेच म्हणायची. तुझ्या जावयांची ओळ जवळ आली तशी मी मान खाली घातली. वाटलं, आता सगळे गप्प होणार.

आई : मग?

थोरली : आपली धाकटी गायली. शाळेत कविता म्हणायची वेळ आली की पोटात दुखतंय म्हणून घरी पळून यायची, ती. खणखणीत गायली. हातातली सुई थांबली नाही. कुणी कीव करून बघितलंही नाही, लगेच शेजारच्या घराची ओळ सुरू झाली. तिला न्यायला गेले होते मी, पण मग एकटीच बोटीत बसले.

आई : वाळलीय का गं?

थोरली : रापलीय उन्हाने. अंगाने भरलीय उलट.

आई : काही म्हणाली माझ्यासाठी?

थोरली : म्हणाली, आईला सांग, मी रुसून नाही राहिले. मला इथे करमतं.

आई : बोटीत मळमळतं का फार?

थोरली : पहिल्यांदा मळमळतं.

आई : मग लिंबं घेऊ बरोबर.