पौर्णिमेच्या दिवशी मी ‘हो’ म्हणाले

तथागत बुद्धांना आणि परमपूज्य बाबासाहेबांना वंदन करून बोलायला उभी राहते. आजच्या सभेचे आणि आपल्या विहार समितीचेही अध्यक्ष आयुष्मान राजेश मोहिते, प्रमुख पाहुणे गमरे गुरुजी, सत्कारमूर्ती, म्हणजे गेली एकतीस वर्षं आपले बौद्धाचार्य असलेले आदरणीय बाबुरावदादा कासारे, डिलाईल रोडच्या आपल्या तिन्ही चाळींतून आलेल्या माता-भगिनींनो, बंधूंनो, आणि मागे भिंतीला टेकून मोबाईल बघणाऱ्या पोरांनो, सर्वांना सप्रेम जयभीम.

मी कांता तांबे, महिला मंडळाची चिटणीस. माझ्या भाचीने, मनवाने, मला छान भाषण लिहून दिलंय. पहिलंच वाक्य आहे, ‘ज्यांच्या वाणीने या परिसराला शीलाची संपन्नता लाभली.’ वाक्य खरंच आहे. पण मनवा, रागावू नकोस, मी आज कागद बघणार नाही. कागदावर जे नाही तेच मला बोलायचंय.

दादांनी आपली लग्नं लावली, पोरांची नावं ठेवली, माणसं गेली तेव्हा पुण्यानुमोदनाला तेच बसले. पण ते तर सगळेच बौद्धाचार्य करतात. दादांचं वेगळं काय? दादा बसमध्ये कंडक्टर होते. एकदा मी तणतणत घरी आले, कोणीतरी पायावर पाय दिला होता. दादा जिन्यात भेटले. म्हणाले, “कांता, ‘माझा पाय तुडवला’ म्हणू नकोस. नुसतं ‘पाय दुखतोय’ म्हण. बघ राग किती उरतो.” मी म्हटलं, “दादा, तुम्हाला बोलायला काय जातंय, पाय माझा आहे!” दादा पोट धरून हसले. पण नंतर मी ते करून बघितलं हो. निम्मा राग जातो. बुद्धांचा धम्म मला पुस्तकातून नाही, असा जिन्यातून कळला.

आणि दादांचा नळाचा नियम? जुन्या लोकांना आठवेल. मालनचं आणि माझं कळशीवरून भांडण झालं, मी तिला चारचौघींत नको नको ते बोलले. दुपारी मी तिच्या खोलीत जाऊन गुपचूप माफी मागून आले. दादांना कळलं, तर म्हणाले, “शिवी नळावर दिलीस, मग माफी घरात कशी? उद्या सकाळी नळावर माग.” आणि मागायला लावली! मालन अजून त्यावरून मला टोमणे मारते. मार बाई, तुझा हक्क आहे.

असो. मघाशी अध्यक्षांनी दादांचं राजीनाम्याचं पत्र वाचून दाखवलं. दादा उद्या कायमचे मंडणगडला गावी जातायत. पत्रात लिहिलंय, ‘माझा मुलगा भर बुद्धपौर्णिमेला पिऊन विहारात आला. ज्याला स्वतःच्या घरात शील देता आलं नाही, त्याने चाळीला देऊ नये.’ पत्र वाचताना तुम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. पण माझी मान वेगळ्या कारणाने खाली होती.

त्या पत्रातलं एक वाक्य खोटं आहे. ते दादांनी खरं समजून लिहिलंय. खोटं माझं आहे.

अध्यक्षमहोदय, मला पाच मिनिटं जास्त द्या. नंतर वाटलं तर चिटणीसपदावरून काढून टाका.

गेल्या मे महिन्यातली पौर्णिमा. मी दारात खीर वाटायला उभी होते. आत दादांनी नुकतीच वंदना सुरू केली होती. तेवढ्यात दादांचा मुलगा बुद्धभूषण आला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, हातात मेणबत्त्यांचा पुडा. हात थरथरत होते. पायरी चढताना झोक गेला, तर त्याने कठडा धरला. दादांना तो आप्पा म्हणायचा. मला म्हणाला, “मावशी, आप्पा मला पुढे बसू देतील ना?” त्याच्या आदल्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत तो पिऊन पडला होता, ते माझ्या डोक्यात होतं. मी तशीच आत गेले आणि दादांच्या कानात सांगितलं, “बुद्धभूषण आलाय. आजही तसाच.”

दादांनी मला एकच विचारलं. “वास आला का?”

मी म्हणाले, “हो.”

मंडळी, वास आला नव्हता. मी तीस वर्षं इस्पितळात आया होते, दारूचा वास मला दहा हातांवरून कळतो, हे सगळ्या चाळीला माहीत आहे. म्हणून तर दादांनी मला विचारलं. मला फक्त खात्री वाटत होती. आणि खात्री वाटली की माणूस वास आल्याचंही सांगून टाकतो. दादांनी वंदना थांबवली. माईक चालू होता. म्हणाले, “ज्याला दारू न पिण्याचं पाचवं शील पाळता येत नाही, त्याने दारातूनच परत जावं.” बुद्धभूषणने मेणबत्त्या पायरीवर ठेवल्या आणि गेला. ऑक्टोबरात तो वारला.

दिवा स्टेशनजवळ त्याच्या घरी पुण्यानुमोदन झालं, तेव्हा दादा बाहेर खुर्चीवर बसून होते आणि नायगावहून दुसरे आचार्य आणले होते. आत चहा करताना त्याची बायको नम्रता मला म्हणाली, “मावशी, पौर्णिमेला यांना दारू सोडून साठ दिवस झाले होते. हात औषधाने थरथरायचे. आप्पांच्या हातून शील घ्यायला आले होते.” माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. मी विचारलं, मग आप्पांना सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, “त्यांनी विचारावं ना. त्यांनी कुठे विचारलं?”

चार महिने झाले याला. मी तीन वेळा दादांच्या दारापर्यंत जाऊन आले. एकदा तर चहाही पिऊन आले. बोलले नाही. दर रविवारी इथे बसून ‘मुसावादा वेरमणी’ म्हणत होते, खोटं बोलणार नाही म्हणून, आणि तेही मोठ्या आवाजात. लाज वाटते हो सांगताना. खोलीत सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. पण त्या पोराची अब्रू माईकवरून गेली, तुम्ही सगळे तेव्हा इथे होतात. म्हणून माईकवरूनच सांगते. दादा, बुद्धभूषण त्या दिवशी प्यायलेला नव्हता.

दादा, उठू नका. बसा. राजेश, पाणी दे त्यांना. अजून थोडं आहे, ते ऐका.

मला वाटलं होतं, तसा परत पाठवल्यावर पोरगा पुन्हा बाटलीकडे गेला असणार. मी नम्रताला तेही विचारलं. नाही गेला. लिव्हर आधीच संपलं होतं, डॉक्टरांनी एप्रिलमध्येच सांगितलं होतं. तरी ऑक्टोबरपर्यंत थेंब घेतला नाही. इथून परत गेला त्या संध्याकाळी त्याने भिंतीवरच्या फोटोसमोर चटई टाकली, पोरीला शेजारी बसवलं आणि स्वतःच शील म्हटलं. पाली उच्चार तुमचेच, तुम्ही लहानपणी पाठ करून घेतलेले. मग रोज संध्याकाळी म्हणायचा, पोरगी मागून म्हणायची. इस्पितळात नेलं त्या दिवसापर्यंत.

तुम्ही लिहिलंत, घरात शील देता आलं नाही. दादा, नात सात वर्षांची आहे. तुम्ही तिला नीट बघितलेलंही नाही. तिला पाचही शीलं तोंडपाठ आहेत.

चाळ सोडून जाऊ नका, असं म्हणायला मला आता तोंड नाही. तुमचा मुलगा परत आणून देणंही माझ्या हातात नाही. पत्रातली ती दोन्ही वाक्यं तेवढी खोडा, एवढंच मागणं आहे.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्या. पण त्या ‘हो’बद्दल मला कोणी लगेच माफ करू नका. ते दादांनी ठरवायचं, आणि नाही केलं तरी माझी तक्रार नाही.

नम्रता चपलांच्या रॅकजवळ बसली आहे. मीच बोलावलंय. नम्रता, स्पृहाला घेऊन पुढे ये. वाट द्या रे तिला. स्पृहा, ते बघ, तुझे आजोबा. पप्पांबरोबर म्हणायचीस ना, ते त्यांच्याजवळ बसून म्हण. माईक नको तिला, लहान आहे. आपण गप्प बसू.

जयभीम. नमो बुद्धाय.