खो ऐकल्यावर बसायचं नाही

मंडळी, बसा. मागे खुर्च्या कमी पडल्या असतील तर इथे पुढे सतरंजी आहे, या. दिवसभर ऑफिस करून, अशा गारठ्यात, कुठून कुठून ड्राइव्ह करून आलात. मेधाच्या, ऋचाच्या आणि माझ्या वतीने तुमचे आभार मानतो.

या मंडळात माझ्या हातात माइक आला की मी तो सोडत नाही, अशी माझी ख्याती आहे. गणपती असो, कोजागिरी असो, निवेदन माझंच. आज पहिल्यांदा वाटतंय की कोणीतरी उठावं आणि हा माइक माझ्याकडून काढून घ्यावा. पण मेधाने सांगितलंय, "श्रीकांत, तूच बोल. तुलाच बोलायला हवं." तिने असं का म्हटलं ते मला कळलंय. थोड्या वेळाने तुम्हालाही कळेल.

सुलभा काळे. तुमच्या सगळ्यांच्या सुलभामावशी. माझ्या सासूबाई. मंगळवारी सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि खुर्चीत बसल्या, त्या उठल्याच नाहीत. आधण आटून भांडं करपल्याच्या वासाने मी खाली आलो. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. असेलही तसं. मला मात्र फार कळलं.

तुम्ही त्यांना ओळखता ते दिवाळीतल्या त्यांच्या कडबोळ्यांमुळे. सांगलीकर मंडळी त्यांना ओळखतात ते काळेबाई म्हणून. मुलींच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं त्या खेळाच्या बाई होत्या. स्वतः खो-खो खेळलेल्या. इथे वाढलेल्या मुलांसाठी सांगतो, खो-खोमध्ये आपली टीम एका रांगेत उकिडवी बसलेली असते. पळणारी मागून येते, बसलेलीच्या पाठीवर हात मारते आणि ओरडते, "खो!" की ती उठून धावते आणि पहिली तिच्या जागी बसते. आईंचा एक नियम होता. त्या म्हणायच्या, "खो ऐकल्याशिवाय उठायचं नाही, आणि ऐकल्यावर बसायचं नाही." शाळेतल्या मुलींना म्हणायच्या, आपल्या लेकीला, मेधाला म्हणायच्या, आमच्या ऋचाला म्हणायच्या. मला कधी म्हणाल्या नाहीत. मी जावई ना!

मी त्यांना आई म्हणायचो. त्या मला श्रीकांतराव म्हणायच्या. जावयाला उलट बोलायचं नाही, जावयाच्या ताटाआधी आपलं ताट घ्यायचं नाही. मी किती वेळा म्हटलं, "आई, मिशिगनमध्ये कसला आलाय जावई?" त्या नुसत्या हसायच्या. आणि खरं सांगू? मला ते आवडायचं. कोणाला आवडणार नाही?

ऋचा व्हॉलीबॉल खेळते, हे तुम्हाला माहीत आहे. त्यावरच तिला युनिव्हर्सिटीत स्कॉलरशिप मिळाली. कॉलेजात मुलींनाही खेळाची बरोबरीने संधी द्या असा इथे कायदा आहे, म्हणून मिळाली. तेव्हा मी इथे सगळ्यांना पेढे वाटले होते. अभिमान होता हो मला. पण अभिमान वाटणं आणि मॅचला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला आईंनी शिकवलं. फार उशिरा शिकलो.

आता गेल्या वर्षीचा गणपती आठवा. हाच हॉल. हाच माइक. आपण वादविवाद ठेवला होता. विषय माझ्याच डोक्यातून निघालेला, "कॉलेजच्या खेळाडूंना पैसे द्यावेत का?" आपण सगळे कॉलेज फुटबॉलचे वेडे, शनिवार आला की अंगात येतं आपल्या. मी बोललो बाजूने. अगदी तावातावाने बोललो. म्हटलं, त्या पोरांच्या जिवावर स्टेडियम भरतं, टीव्हीवाले पैसे ओततात, कोचला बंगला मिळतो, आणि पोरांना काय? नुसती फी माफ! घरी आईला पाठवायला चार डॉलर नाहीत त्यांच्याकडे. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. ते मी आजही म्हणेन. त्यात काही खोटं नव्हतं.

मग कोणीतरी विचारलं, मुलींचं काय? आणि माझ्या जिभेला हाड नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "अहो, जे स्टेडियम भरतात त्यांना द्या. मुलींच्या व्हॉलीबॉलला प्रेक्षक किती? आमच्या सासूबाई, आणि झोप लागली नसेल तर रेफरी!"

किती हसलात तुम्ही. मी आणखी पुढे गेलो. म्हटलं, "मुलींना स्कॉलरशिप मिळते ना? ती काय कमी आहे?" म्हणजे बघा. तीच स्कॉलरशिप मुलांना पुरत नाही म्हणून मी गळा काढला, आणि पाच मिनिटांत तीच मुलींना भरपूर झाली. एकाच भाषणात. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

एका माणसाच्या आलं. आई उठल्या. तिथे, त्या खांबाजवळ बसल्या होत्या. पदर सावरला आणि म्हणाल्या, "जावयाला उलट बोलू नये म्हणतात. म्हणून मी बोलत नाही, नुसतं विचारते. त्या मुलांना द्याच पैसे. त्यांचे गुडघे मोडतात. पण आमच्या ऋचाचा गुडघा काय वेगळ्या हाडाचा आहे?" मग म्हणाल्या, "आमच्या शाळेच्या वेळीही हेच होतं. प्रॅक्टिस झाली की मुलांना दूध-केळी, मुलींना फुटाणे. हेडमास्तर म्हणायचे, मुलांच्या मॅचला गाव लोटतं. मी म्हटलं, मुलींची मॅच तुम्ही भर उन्हात बारा वाजता ठेवता, एकदा संध्याकाळी ठेवून बघा. त्यांनी ती कधी ठेवलीच नाही. त्यामुळे किती लोक आले असते, ते आम्हाला कळलंच नाही." आणि शेवटी माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "गर्दी येत नाही म्हणता, श्रीकांतराव. गर्दी म्हणजे कोण हो?"

मी काय उत्तर दिलं आठवतंय? मी हात जोडले आणि म्हटलं, "सासूबाईंपुढे कोणाचं चाललंय!" पुन्हा हशा. पहिलं बक्षीस मला मिळालं.

ऋचा त्या दिवशी वीकेंडला घरी आलेली होती. इथेच बसली होती. परत जाताना गाडीत मी विचारलं, "राग आला का गं?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इट्स फाइन, बाबा. इट वॉज अ गुड जोक." मागच्या सीटवर आई होत्या.

मंडळी, आता जे सांगायचंय त्यासाठी मेधाने मला उभं केलंय.

ऋचाच्या मॅचेस बऱ्याचदा शनिवारी असतात. फुटबॉलही शनिवारी. एकाच कॅम्पसवर. स्टेडियम आणि मुलींचं जिम यांच्यात एक पार्किंग लॉट आहे, बस. मेधाला शनिवारी फार्मसीत ड्यूटी. त्यामुळे आईंना घेऊन मी जायचो. जिमच्या दारात त्यांना सोडायचो, आणि गाडी पुढे काढून स्टेडियमला जायचो. माझं सीझन तिकीट होतं. दर वेळी असंच. दर वेळी त्या उतरताना विचारायच्या, "येता का आत? पहिला सेट तरी?" आणि मी म्हणायचो, "पुढच्या वेळी नक्की, आई."

आत त्या काय करायच्या ते मला ऋचाच्या टीममधल्या एका मुलीच्या आईकडून कळलं. कॅरोल. ती बघा, मागे बसली आहे. तिला माझं एक अक्षर कळत नाहीये, तरी येऊन बसली आहे. आई आणि कॅरोल शेजारी शेजारी बसायच्या. एकीला इंग्रजी जेमतेम, दुसरीला मराठी शून्य. डब्यातली कडबोळी मात्र दोघी खायच्या. आणि बॉल ऋचाकडे आला की आई त्या रिकाम्या जिममध्ये ओरडायच्या, "खो!" रेफरी वळून बघायचा म्हणे. पुढे पुढे कॅरोलही ओरडायला लागली. मग टीममधल्या मुलीच एकमेकींच्या पाठीवर थाप मारून "खो" म्हणायला लागल्या. अर्थ कोणालाच माहीत नव्हता, पण वापरायच्या अगदी बरोबर.

एकदा परतताना आई म्हणाल्या, "तुमच्या स्टेडियमचा आवाज आत ऐकू येतो, श्रीकांतराव. टचडाउन झालं की आम्हाला कळतं. आमचा आवाज तुमच्यापर्यंत येत नाही." मी म्हटलं, "अहो, एक लाख माणसं असतात तिथे!" मी त्यांना आकडा सांगितला. त्यांनी मला काय सांगितलं होतं, ते मी ऐकलंच नाही.

वसंतात ऋचाचा गुडघा गेला. लिगामेंट. फुटबॉलच्या पोरांचं जे फाटतं, अगदी तेच. ऑपरेशन झालं. उन्हाळाभर आई तिला बेसमेंटमध्ये व्यायाम करायला लावत होत्या, स्वतः समोर बसून. ऋचा रडायची, शिव्या द्यायची, इंग्रजीत. आई म्हणायच्या, "दे, मला कुठे कळतंय?" एकदा ऋचा मला म्हणाली होती, "आय माइट क्विट, बाबा. नोबडी विल नोटिस." मी म्हटलं, असं नसतं गं बेटा. कशाच्या जोरावर म्हटलं मी ते?

गेल्या शनिवारी तिची पहिली मॅच होती. ऑपरेशननंतरची पहिली. आणि आमच्या फुटबॉल टीमचीही मोठी गेम होती. आई गाडीत नेहमी मागे बसायच्या. जावयाच्या शेजारी पुढे बसायचं त्यांना अवघड वाटायचं. मी जिमच्या दाराशी गाडी थांबवली. त्यांनी त्या दिवशी नेहमीचं विचारलं नाही. येता का आत, काही नाही. दार उघडलं, आणि उतरण्याआधी मागून हात पुढे करून माझ्या पाठीवर थाप मारली. खांद्याच्या खाली, इथे. आणि म्हणाल्या, "खो."

मी हसलो. मला गंमत वाटली. मी आरशात बघून म्हटलं, "काय आई, आज मूडमध्ये!" आणि गाडी पुढे काढली.

मंडळी, आयुष्यभर ज्या बाईने नवऱ्याला, जावयाला कधी तोंडावर 'चला' म्हटलं नाही, तिने मला खो दिला होता. आणि मी बसून राहिलो. हातात स्टिअरिंग धरून बसून राहिलो.

त्या रात्री ऋचाचा फोन आला तो आजीला. आई फोनवर नुसत्या "हो, हो, बघितलं मी, सगळं बघितलं" म्हणत होत्या. मी खूण केली, मला द्या. त्यांनी दिला. ऋचा म्हणाली, "हाय बाबा, डिड वी विन?" तिला वाटलं, मी फुटबॉलचं सांगायला फोन घेतलाय. दोष तिचा नाही. मग मंगळवार आला.

मला कोणीही रागावलेलं नाही. मेधा नाही, ऋचा नाही. आईही नव्हत्या. तेच अवघड जातंय. आपल्याकडे एखाद्याच्या कामात मोडता घातला की म्हणतो, अमक्याने खो घातला. त्या बाईने जन्मभर पोरींना खो दिला, उठा, पळा म्हणून. आणि मी हसत हसत खो घातला. तोही माझ्याच पोरीच्या खेळात.

मुलींना पैसे द्यावेत की नाही, मुलांना द्यावेत की नाही, त्याचा निकाल मोठी माणसं लावतील तेव्हा लावतील. मला आज एवढंच कळतं की जो हिशोब मी या हॉलमध्ये छातीठोकपणे मांडला, त्यातली रिकामी खुर्ची माझी होती. ती रिकामी ठेवून मीच वर विचारत होतो, इथे कोणी का येत नाही?

उद्या शनिवार. ऋचाची मॅच आहे. ती खेळणार आहे. मी तिला म्हटलं, नको खेळूस बेटा, टीम समजून घेईल. ती म्हणाली, "आजी वुड किल मी." फुटबॉलचीही गेम उद्याच आहे, तुमच्यापैकी किती जणांकडे तिकिटं आहेत मला माहीत आहे. मी कोणाला काही सांगत नाही. तो अधिकार मी गमावलाय. मी फक्त सांगतो की मी जिममध्ये असेन, कॅरोलच्या शेजारी. उद्या गेल्याने गेला शनिवार परत येणार नाही, हेही मला माहीत आहे.

आता श्रद्धांजली. आपण नेहमी उभं राहून दोन मिनिटं शांत राहतो. आज उभे राहू नका. बसून राहा. आणि ती शांतता नीट ऐका. मुलींच्या मॅचला जिममध्ये अशीच शांतता असते. बुटांचा करकर आवाज तेवढा येतो. तीन वर्षं आईंनी ती मोडली.

ऋचा, ये. इथे, माझ्या मागे उभी राहा. मी खाली बसतो. तुला वाटेल तेव्हा, बेटा. घाई नाही. तू पाठीवर हात ठेवून म्हणशील, तेव्हा मी उठेन, आणि ज्यांना उठायचंय ते उठतील. कॅरोललाही तो शब्द कळतो.

आई, नमस्कार करतो. मी बसलोय. वाट बघतोय.