मंगळवारचा शब्द

हॅलो? … ताई, मी बोलतोय. बेकरीतून. … हो, तुमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंचा नवरा. … नाही हो, रडत नाहीये, भट्टीचा धूर आहे. ऐका ना… त्या मंगळवारी दहा वाजता तुम्हीच फोन केला होतात, बाई शाळेच्या दाराबाहेरच्या पायऱ्यांवर पडल्या म्हणून. … माहीत आहे, तुम्ही तरी काय करणार होतात. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. ते नाही विचारत. मला त्या दिवशीचा शब्द पाहिजे.

… अहो, फळ्यावरचा. ती रोज एक इंग्रजी शब्द लिहायची ना शाळेच्या दारापाशी, कुठून आला, आधी अर्थ काय होता… हां, तोच. निघताना आधी मला ऐकवायची. … लिहिलाच नव्हता? … म्हणजे फळ्यापर्यंत पोचलीच नाही. बरं.

… मला कसं माहीत असणार? पीठ मळायचं मशीन चालू होतं. मी आपलं "हो, हो" केलं. एवढंच कानावर पडलं, "यात तुमचा पाव आहे हो." मशीन बंद करायला बटण दाबावं लागतं, ताई. एक बटण.

… चार वाजता शोकसभा आहे ना, मुलांना कबूल केलंय मी, शेवटचा शब्द आणतो म्हणून. तुम्ही तिच्याबरोबर शिकवायचात, तुम्हाला सुचेल. … लेडी? लेडीत कसला पाव? … जुन्या इंग्रजीत पावाचं पीठ मळणारी? … खरंच? पण आमच्याकडे मळायचो मी. ती पिठाला हात लावायची नाही, घड्याळ खराब होतं म्हणायची. … हो, मला चिडवायलाही म्हणाली असेल. तिचा काय नेम.

… अजून एक? कंपॅनियन… बरोबर बसून पाव खाणारे… साखर झाल्यापासून तिने पाव सोडला होता. समोर बसायची मात्र. … थांबा, तिसरा नका सांगू. … सांगा. … लॉर्ड. पाव राखणारा. … लॉर्ड म्हणे. गेल्या आठवड्यात दोन ट्रे जाळले मी.

… हॅलो? आहे, आहे. … नाही, तिन्ही नका लिहू. तिने एकच सांगितला होता. … मुलांना काय कळणार, हे मलाही कळतं हो. मला कळेल ना. मी तिच्या नावावर भलताच शब्द खपवू? बावीस वर्षं तिने रोज एक सांगितला, आणि मी हा एक… हा एकच ऐकला नाही.

… वही बघितली. पर्स बघितली. साडीच्या घड्यासुद्धा उलगडल्या. … नको, तुम्ही येऊ नका. मी येतो चारला. … बोलेन. दोन शब्द बोलेन. फळा तेवढा पुसून ठेवा, वर कुणी फुलंबिलं काढू नका. … मुलांना मीच सांगतो. मंगळवारचा शब्द मिळाला नाही. … ठेवतो.