पुट्टी वाळेपर्यंत

—नाही नाही, चपला असू द्या पायात. सगळी पांढरी पूड झालीय खाली, तळवे भरतील तुमचे. या आत. सयाजीअण्णांनी खालून हाक मारली तेव्हाच म्हटलं, खोली बघायला आलं असणार कुणीतरी. मी कस्तुरा, आत्तापर्यंत आम्हीच राहत होतो इथं. बघा तुम्ही निवांत, मी आपली काम करत करत बोलते — हात थांबवला की पुट्टी घट्ट होते, मग फेकूनच द्यायची. सामान गेलं सकाळी टेम्पोत, कासारवाडीला. नणंदेच्या शेजारी खोली मिळाली. भिंती तेवढ्या राहिल्यात. अण्णांचं म्हणणं, "भिंत व्हती तशी करून द्या, मग खुशाल जावा." पुट्टीची पिशवी स्वतः आणून ठेवली बघा दारात. घरमालक स्वतः पुट्टी आणून देतो, ऐकलंय का कधी? — बसा की. त्या डब्यावर बसा, रिकामा आहे. लेकीचं नाव काय? गौहर. छान आहे. झोपलीय वाटतं. झोपू द्या.

खोली चांगली आहे. पाणी दोन्ही वेळा येतं, ऊन येतं, वर गच्चीवर पापड घालायला जागा आहे. हायवे जवळ — आमच्या मिस्टरांची चाकणची बस तिथनंच भरते. तुमचे मिस्टर कुठं असतात? माणला, गॅरेजवर. मग काय, हाकेच्या अंतरावर. — इथं हे सगळं काळं होतं, शेगडीच्या वर, सोडा आणि साबण लावून घासलं तेव्हा निघालं. ही पेन्सिल माझ्या पोराची हो, माझा भाऊ सनी आला की दोघं मिळून भिंतीवर गणितं सोडवणार. आणि हा खिळा अजून काढला नाही. बाबासाहेबांचा फोटो होता ह्याच्यावर. फोटो सगळ्यात शेवटी काढला, खिळापण शेवटीच काढते. घर शोधत फिरायचो तेव्हा लोक पहिलं आडनाव विचारायचे, आणि मग खोली एकदम भावाला द्यायची निघायची. तुम्हालापण? — हसायलात म्हणजे तुम्हालापण. नाव सांगितलं की खोली गेलीच भाड्यानं.

ही? ही काही नाही. घड्याळासाठी खिळा ठोकत होते मिस्टर, त्यानं चीर गेली. जुनीच आहे. खिडकीच्या कोपऱ्यातनं निघून खाली गेलीय ना, म्हणून मोठी वाटते. भरली की काय दिसतंय! मऊ पॉलिश पेपर मारायचा, वरनं रंगाचा एक हात — तुम्ही राहायला येईपर्यंत विसरून पण जाल कुठं होती ते. — नाही, तिथं नका ठेवू लेकराला. इकडं ठेवा, दाराकडं. नाही हो, काही नाही, भिंत गार लागते तिथली. आम्ही पण पलंग काढला होता तिथनं. गारव्यानं.

अगं, हात नको! काच आहे ती. लागली का? नाही ना? मला लागली सकाळी, बघा अंगठा. — काच भिंतीत कशाला म्हणजे… आमच्या सनीनं चिकटवली होती. तो साइटवर सुपरवायझर आहे, बिल्डिंगच्याच कामात असतो. राखीला आला, जेवला, हात धुतला आणि इथं उभाच राहिला. मग काचेची पट्टी आणली बारीक आणि चिरेवर आडवी चिकटवली, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. म्हणाला, ताई, भिंत जागेवर असली तर काच तशीच राहील. हलली तर तडकेल. मी म्हटलं, भिंत कशाला हलतेय बाबा, तिला काय पाय आहेत? हसला नाही तो. एरवी कशालाही हसतो. — तडकली. दुसरी लावली, तीपण तडकली. मग फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, किती दिवस राहणार अजून तिथं?" त्याच आठवड्यात पोराची शाळा लांब पडते म्हणून आम्ही अण्णांना खोली सोडतो म्हणालो. शाळा तशी जवळच आहे. पण काहीतरी सांगावं लागतं ना.

खिडकीतनं बघा, पण वाकू नका. दिसला खड्डा? अण्णांच्या भावकीतली जमीन, बिल्डरला दिली, मोठा टॉवर होणार म्हणे, खाली गाड्या लावायला मजल्यावर मजले. आपली बिल्डिंग अगदी काठावर आहे. खडक फोडायला ब्रेकर लावतात, तेव्हा मांडणीतली भांडी आपोआप सरकायची. सुरुवातीला पोराला मजा वाटायची. नंतर एकदा जेवायला बसलो होतो, आणि वरनं ही एवढी खपली ताटात. भाकरीवरच. मिस्टरांनी ताट उचललं, दाराबाहेर जाऊन जेवले. आज सुट्टी आहे ब्रेकरवाल्यांना, म्हणून शांत आहे. आजच बोलावलं ना तुम्हाला अण्णांनी? — हं.

नाही, तक्रार कुणाकडं करणार? तळमजल्यावरच्या शालनबाईंनी केली होती, सरळ अण्णांकडंच. त्यांच्या संडासाचं दार लागेना, सुतारानं तीनदा रंधा मारला तरी लागेना. दाराची चौकटच वाकडी झालेली. अण्णा म्हणाले, "म्हातारे, दार फुगलंय, पावसाचं फुगतंच." उन्हाळा होता. त्या गेल्या मग लेकाकडं. आम्हाला तसं बोलता येत नाही. अण्णांचा पुतण्या गणराज, त्याच्याच काँट्रॅक्टवर आहेत आमचे मिस्टर. चाकणला कंपनी कुठलीपण असू द्या, माणूस गणराजचा. बसमध्ये नाव गणराज घालणार, गेटपास गणराज देणार. उद्यापासून येऊ नको म्हणाला की झालं, कारण विचारायला पण माणूस नाही. म्हणून तोंड मिटून पुट्टी भरायची आणि जायचं, असं ठरलंय आमचं. मिस्टरांनी सकाळी निघताना परत बजावलं, कस्तुरा, कुणी बघायला आलं तर खोली चांगली आहे एवढंच म्हणायचं. चांगलीच आहे की. पाणी दोन्ही वेळा —

तुम्हाला नाव नाही विचारलं? अण्णांनी? काहीच नाही? साबिया म्हणून सांगितलंत तरी नुसतं बरं म्हणाले? लेकराच्या डोक्यावर हात फिरवला, म्हणाले आजच या राहायला, पैशाचं सावकाश बघू. असं म्हणाले. — थांबा, मला जरा बसू द्या.

ऐक गं साबिया. दार लोटून घे. सगळीकडनं नाही ऐकून ऐकून माणूस दमतो, मला माहीत आहे, मी पोराला कडेवर घेऊन फिरलेय ह्याच रस्त्यांनी. मग कुणी गोड बोललं की वाटतं, देवमाणूस भेटला. ह्या माणसानं आयुष्यात कुणाला सावकाश बघू म्हटलेलं नाही. त्याला कळलंय इथं आता कोण येणार — ज्याला दुसरीकडं कुठं मिळत नाही तो. तो भिंतीला बोट लावून बघणार नाही, आणि बघितलं तरी बोलणार नाही. बोललाच तर तुझं कोण ऐकणार आहे, सांग मला? आणि मी इथं बसून तुझ्यासाठी भिंत गुळगुळीत करायलेय. ही बघ, सुरी घालते, मुठीपर्यंत गेली. पलीकडची हवा लागते बोटांना. हात आण इकडं. लागली? — रडू नको. लेकरू उठेल. रडायचं काय त्यात, तू अजून सामान पण आणलं नाहीस. खाली जा आणि सांग, सासूला जिना चढवत नाही. आहे ना सासू? मग झालं. खोटं पण नाही. माझं नाव घेऊ नको फक्त. जा, पटकन —

पायरी वाजली. आले. डोळे पूस.

या अण्णा! या की. हो, झालंच, शेवटचा हात राहिलाय. मी ताईंना तेच सांगत होते, ऊन किती छान येतं, पाणी कधी येतं. … डोळ्यांत पूड गेली त्यांच्या, भिंत घासत होते ना मी. … बघा ताई, अण्णा विचारतायत, आवडली का? … हां. जिन्याचं म्हणतायत त्या. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे, तीन मजले चढणं होणार नाही त्यांना. खरंय, म्हाताऱ्या माणसाला कसं जमणार. राहू द्या मग, दुसरं कुणी येईल. …

खालची? शालनबाईंची? … नाही, रिकामी आहे, बरोबर आहे तुमचं. जिना नाही तिथं. चावी आहे का तुमच्याकडं आत्ता? …

खालची नको, अण्णा.

मी बोलले. मीच. खालची नको म्हटलं. … का नको ते तुम्हाला चांगलं माहीत आहे. लेकरू आहे हो तिच्या कडेवर, एवढंसं, बघा तरी एकदा. … मी कुठं शिकवलं तिला? आणि शिकवलं तर शिकवलं. तुमची नातवंडं पलीकडच्या बंगल्यात झोपतात, इथं झोपवता का एक दिवस? … गणराजला कशाला फोन लावताय? अण्णा, मिस्टरांचा काही संबंध नाही ह्यात, ते कंपनीत लाइनवर असतील आत्ता, त्यांना काही माहीत पण नाही. अण्णा, मी म्हणते, फोन ठेवा. …

साबिया, तू जा. उभी काय राहिलीस? कठड्याला धरू नको उतरताना, भिंतीकडनं पण नको, मधनं जा. मागं वळू नको. जा म्हणते ना.