केल्पचं रान

(उत्तर कॅलिफोर्नियाचा किनारा; इथे समुद्राच्या तळातून केल्प नावाचं उंच शेवाळ रानासारखं वाढतं. नांगरलेल्या होडीत सत्तरीचा पाणबुड्या आर्वो. त्याची मुलगी ऐली पाण्यातून वर येते आहे.)

आर्वो : आधी शिडी धर, मग बोल. ओठ बघ कसे निळे पडलेत.

ऐली : बाबा, काही उरलं नाही खाली.

आर्वो : काही नाही कसं? परवा कड्यावरून बघितली मी केल्पची बोंडं. पाण्यावर डुलत होती चांगली!

ऐली : बोंडं वरच तरंगतात हो. बुडाशी देठ कुरतडला, की कटलेल्या पतंगासारखी जातात वाहून.

आर्वो : मोठ्या दगडामागे गेलीस का? उन्हाळाभर आपण तीच जागा राखली.

ऐली : तिथेच होते एवढा वेळ. नुसत्या मुळ्या उरल्यात, मुठीएवढ्या. त्यांच्यावरही जांभळे अर्चिन बसलेत, ते केल्प कुरतडणारे गोळे, काटे पसरून.

आर्वो : मग हातोडा काय मिरवायला नेला होतास?

ऐली : फोडले ना! हात वर उचलेना इतके फोडले. एक फोडला की शेजारचा सरकतो त्याच्या जागी. आणि आत काही नाही, नुसतं पाणी. तेही उपाशीच आहेत. मरत मात्र नाहीत मेले.

आर्वो : तारामासे होते तेव्हा यांची काय बिशाद होती! गाडीच्या चाकाएवढा एक आला, की सगळे वाट फुटेल तिकडे पळायचे.

ऐली : ते रोगाने गेले, बाबा. कितीदा तेच?

आर्वो : आणि दगडाला चिकटणारे ते अबलोन शिंपले?

ऐली : शिंपल्या आहेत, उताण्या पडलेल्या. एक जिवंत होता. बोट लावलं तर सुटून हातात आला.

आर्वो : अबलोन? बोटाने? अगं, पहार घालूनही निघायचा नाही तो.

ऐली : हाडकलाय. खायला काय आहे त्याला?

आर्वो : बरं, हे बघ. हा देठ मघाशी होडीला अडकला. पानं धड आहेत, बीजाचे डागही धरतायत. जाळीत भरून दगडावर टांगू. बीज खाली पडेल, पुढच्या वर्षी...

ऐली : बघू. ...कोवळे आहेत डाग. पिकायच्या आत सडेल हा.

आर्वो : टांगून बघायला काय जातं?

ऐली : पुढच्या वर्षी मी नसेन, बाबा. किनाऱ्यापासून आत, युकाया गावात नोकरी धरलीय. रुग्णवाहिकेवर.

आर्वो : ...मला कधी सांगणार होतीस?

ऐली : रान टिकलं असतं, तर सांगायची वेळच आली नसती.

आर्वो : हं. बरं केलंस.

ऐली : रागावलात?

आर्वो : कोणावर रागावू? तुझ्यावर? का त्या उपाशी गोळ्यांवर?

ऐली : माझ्यामागे एकट्याने उतरायचं नाही. कान गेलाय तुमचा. शब्द द्या.

आर्वो : उतरून बघू तरी काय?... खाली आवाज कसा येतो गं हल्ली? रानात शिरलं, की चहूकडून तडतड ऐकू यायची. कढईत मोहरी पडल्यासारखी.

ऐली : आता खरवडल्याचा येतो. दगड खरवडतात ते.

आर्वो : एवढाच?

ऐली : एवढाच. आणा ती जाळी इकडे.