तिसऱ्यांदा मशीन

थायरॉईडचा पहिलाच रिपोर्ट घेऊन भैरवी यवतमाळच्या दवाखान्यात बसली होती. शेजारी बाभुळगावची नुजहत शिलाईवाली आणि तिच्या शेजारच्या शोभाकाकू बोलत होत्या.

"तुहा थायरॉईड तं आता काबूत हाये, मंग रात्री छाती काहून धडधडते?"

"डाक्टरलेही समजून नाही राह्यलं, काकू. दोनदा छातीले रातभर ठोके नोंदवाची मशीन लावली, तं त्याच रात्री नेमकं काही झालं नाही."

"मंग?"

"मंग म्याच म्हटलं, तिसऱ्यांदा लावा. तोवर धडधडलं का नवऱ्याले उठवतो, घड्याळ पाहून नाडी मोजतो, वहीत लिहितो."

"भेव नाही लागत?"

"लागते ना. भेत भेत मोजतो."

भैरवीला राहवलं नाही. "ताई, नाडी नेमकी कुठं लागते?"

नुजहतने तिचं मनगट हातात घेतलं. "अंगठ्याखाली, इथं. लगेच नाही सापडत. मलेही दहा दिवस लागले."